दस्तक नाकारणारे, दस्तक देणारे

जून २०१९मध्ये ‘वायू’ चक्रीवादळ अरबी समुद्रात घोंगावत होतं, तेव्हा दहा चिनी मासेमारी नौका रत्नागिरीच्या आसऱ्याला आल्या. तटरक्षक दलाने त्यांना येऊ दिलं, नजरेखाली ठेवलं, आणि वादळ ओसरल्यावर त्या आल्या वाटेने गेल्या. वादळात सापडलेल्या जहाजाला बंदर नाकारायचं नाही हा दर्याचा जुना रिवाज. तो पाळला गेला, त्यात वावगं काही नव्हतं. ज्यांना त्यातही हेरगिरीचा वास आला त्यांची कल्पनाशक्ती दांडगी म्हणायची. मला त्यातली साधी गोष्टच जास्त महत्त्वाची वाटते: त्या नौका मासे मारायला आल्या होत्या. घरचा समुद्र खरवडून रिकामा होत आलेला आणि इंधनाला सरकारी मदत, म्हणून मलाक्काची सामुद्रधुनी ओलांडून हजारो किलोमीटरवर जाळी टाकायला यायचं. ज्या देशाचे मच्छीमार इतक्या लांब येतात, ज्याचं आखाती तेल याच पाण्यावरून जातं, ज्याचा माल इथूनच युरोप गाठतो, त्याचं आरमार घरी बसून राहील ही अपेक्षाच भाबडी आहे.

चीन एवढं आरमार कशाला वाढवतोय, यावर आपल्याकडे दोन तयार उत्तरं मिळतात. संध्याकाळच्या वाहिन्यांवरचं उत्तर असं की भारताला घेरायला. पाकिस्तानातलं ग्वादर, श्रीलंकेतलं हंबनटोटा, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं जिबूती अशी चिनी पैशाच्या बंदरांची ‘मोत्यांची माळ’ नकाशावर लाल रंगात काढली की चर्चा संपते. दुसरं उत्तर जरा शहाण्या मंडळींचं असतं: एवढा मोठा व्यापार असलेला देश आपल्या जहाजांचं रक्षण करणारच, त्यात गैर ते काय? दोन्हींत तथ्य आहे आणि दोन्ही मला अपुरी वाटतात. दोन्ही उत्तरं धरून चालतात की आरमार ज्या हेतूने बांधलं जातं, त्याच हेतूने पुढे वापरलं जातं. कोकणच्या माणसाने तरी यावर विश्वास ठेवू नये.

आधी हे मान्य करू की चिनी आरमाराचा मुख्य रोख आपल्यावर नाही, तैवानवर आहे. १८९४-९५च्या युद्धात जपानने चीनचं उत्तरेकडचं आरमार पार धुळीला मिळवलं. आशियातलं एक बलाढ्य आरमार म्हणून त्याचा दबदबा होता, पण आरमाराचा पैसा राजमातेच्या उन्हाळी महालाकडे वळत राहिला होता. पराभवानंतरच्या शिमोनोसेकी तहात तैवान गेलं. ही गोष्ट आजही चिनी शाळांत शिकवली जाते आणि राज्यकर्ते ती विसरू देत नाहीत. पुढे १९९६मध्ये तैवानच्या निवडणुकीआधी चीनने क्षेपणास्त्रं डागून दरडावून पाहिलं, तेव्हा अमेरिकेने दोन विमानवाहू ताफे त्या भागात आणून उभे केले. बीजिंगकडे त्यावर उत्तर नव्हतं. त्यानंतरच्या तीस वर्षांची चिनी जहाजबांधणी समजून घ्यायची तर ही एक लाज लक्षात ठेवली तरी पुष्कळ झालं.

दुसरी लाज कमी लोकांना माहीत आहे, आणि माझ्या मते आपल्याला तीच जास्त कळू शकते. १९९३ साली ‘यिन्हे’ नावाचं चिनी मालवाहू जहाज इराणकडे निघालं होतं. त्यावर रासायनिक अस्त्रांसाठी लागणारा माल आहे असा आरोप करून अमेरिकी नौदलाने त्याची वाट अडवली. जहाज जवळजवळ तीन आठवडे भर समुद्रात ताटकळत राहिलं. शेवटी सौदीच्या दम्माम बंदरात झडती झाली आणि काहीही सापडलं नाही. माफीही मागितली गेली नाही. आपलं जहाज, आपला माल, खुला समुद्र, आणि पुढे जायचं की नाही हे ठरवणार दुसरा.

हा अनुभव या किनाऱ्याने चारशे-पाचशे वर्षांपूर्वी घेतला आहे. पोर्तुगीज आले आणि त्यांनी अरबी समुद्रात परवाना, म्हणजे दस्तक, सुरू केलं. त्यांचं दस्तक घेतलं नाही, ठरवून दिलेल्या बंदरात जकात भरली नाही, तर गलबत जप्त. दिल्लीचा बादशहाही त्यातून सुटला नाही. अकबराच्या काळात सुरतेहून मक्केला निघालेल्या यात्रेकरूंच्या जहाजांनाही पोर्तुगीजांचा कागद लागायचा. जमिनीवर लाखाची फौज असलेल्या सत्तेची ही समुद्रावरची अवस्था. शिवाजी महाराजांनी आरमार उभारलं त्यामागे सिद्दीचा उपद्रव होता, किनाऱ्याचं रक्षण होतं, तसंच व्यापारही होता. १६७१ साली कुडाळच्या सुभेदाराला गेलेल्या पत्रात बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवायला सांगितलं आहे, म्हणजे गोव्याचं स्वस्त मीठ येऊन आपल्या मुलखातलं मीठ पडून राहू नये. जलदुर्ग बांधणारा राजा मिठाचा भावही बघत होता. हे दोन्ही एकाच डोक्यातून आलेलं धोरण आहे.

चीनच्या आरमारामागची प्रेरणा म्हणूनच मला परकी वाटत नाही. २००३मध्ये चीनचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष हू चिंताव मलाक्काच्या कोंडीबद्दल बोलले असं सांगितलं जातं: आपलं तेल एका चिंचोळ्या वाटेतून येतं आणि ती वाट कोणीही आवळू शकतं. आज चीन जगातला सर्वांत मोठा कच्च्या तेलाचा आयातदार आहे. २०१५च्या त्यांच्या संरक्षणविषयक श्वेतपत्रिकेत तर स्पष्टच लिहिलं की जमीन समुद्रापेक्षा मोठी ही जुनी समजूत सोडावी लागेल. त्याला जोड म्हणून हैनान बेटावर अण्वस्त्रवाहू पाणबुड्यांचा तळ आहे, आणि त्यांना सुरक्षित फिरता यावं म्हणून दक्षिण चीन समुद्र आपल्या मुठीत हवा, हाही हिशेब आहेच. हेतू एक नाही, चार-पाच आहेत, आणि बहुतेकांच्या मुळाशी भीती आहे. ‘ते फक्त घाबरलेले आहेत’ असं म्हणून काही विश्लेषक आपल्याला धीर देतात. मला त्यात धीर येण्यासारखं काही दिसत नाही. महत्त्वाकांक्षेला कधीतरी खर्च परवडेनासा होतो. भीतीला हा हिशेब लागू पडत नाही.

आता थोडं अवघड बोलतो. दस्तक सोसलेला माणूस बळ आल्यावर काय करतो? आपल्याच इतिहासात उत्तर आहे. सरखेल कान्होजी आंग्र्यांनी स्वतःचं दस्तक सुरू केलं. कोकणच्या पाण्यातून जायचं तर आंग्र्यांचा परवाना घ्या. मुंबईच्या इंग्रजांनी तो मानायला नकार दिला आणि त्यांना चाचे ठरवलं. १७२१मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले. कान्होजी चाचे नव्हते, स्वतःच्या किनाऱ्यावरच्या सत्तेचे ते अधिकारी होते, हे आपण योग्यच सांगतो. पण क्रम लक्षात घ्या. आधी दुसऱ्याचं दस्तक नको म्हणून आरमार, आणि आरमार झालं की आपलं दस्तक. यात कान्होजींना दोष देण्याचं कारण नाही, आरमाराची चालच अशी आहे. आज फिलिपिन्सचे मच्छीमार दक्षिण चीन समुद्रातल्या स्कारबरो खडकापाशी जातात तेव्हा चिनी तटरक्षक नौका पाण्याचे फवारे मारून त्यांना हुसकावतात. २०१६मध्ये हेगच्या लवादाने चीनचा ऐतिहासिक हक्काचा दावा फेटाळला, चीनने निकाल मानला नाही. २०२१पासून तर त्यांच्या तटरक्षक दलाला परदेशी जहाजांवर बळ वापरण्याचा कायदाच हाताशी आहे. ‘यिन्हे’ची झडती सोसलेला देश तीस वर्षांच्या आत दुसऱ्यांना वाट अडवणारा झाला.

कान्होजी आपल्या दारातल्या पाण्यात दस्तक मागत होते, चीन शेजाऱ्याच्या दारात मागतोय, हा फरक आहे आणि तो मोठा आहे. पण फिलिपिनो मच्छीमाराला इतिहासाचे बारकावे कुठे विचारायला जायचं? मालवणच्या किनाऱ्यावर परराज्यातल्या हायस्पीड ट्रॉलरचा विषय काढा, हेच ऐकू येईल. बारा सागरी मैलांच्या आतला समुद्र राज्याचा, कायदा आपला, तरी रात्री मोठे ट्रॉलर येतात, छोट्या होड्यांवरच्या पातवाल्यांची जाळी फाडून जातात. तिथला मच्छीमार म्हणतो: “बोट त्येंची मोठी, मगे समुद्र पण त्येंचोच रे! जाळा फाटला तर भरपाय कोण देतलो?” दक्षिण चीन समुद्राचा प्रश्न मला आतापर्यंत इतक्या कमी शब्दांत कोणी सांगितला नव्हता.

हेतू कसे पालटतात याचं सगळ्यात बोलकं उदाहरणही याच किनाऱ्यावरचं आहे, आणि ते आपण नेहमी अर्धंच सांगतो. १७५५च्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीचा क्लाइव्ह मुंबईत आला तो दख्खनमध्ये फ्रेंचांविरुद्ध मोहीम करायला. अ‍ॅडमिरल वॉटसनचा ताफाही फ्रेंचांच्याच धास्तीने या समुद्रात पाठवलेला. फ्रेंचांवरची मोहीम बारगळली आणि हाताशी आलेला ताफा रिकामा कशाला ठेवायचा म्हणून तो कान्होजींचा मुलगा तुळाजी आंग्रे याच्यावर लावला गेला. नानासाहेब पेशव्यांची त्याला साथ होती. तुळाजी त्यांना जुमानत नव्हता, त्याची खोड मोडायची होती. फेब्रुवारी १७५६मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांच्या एका जहाजावर गोळा पडला, आग पसरली आणि मराठी आरमाराचा कणा काही तासांत जळून गेला. आपण इथे थांबतो, पेशव्यांना दोष देतो आणि हळहळतो.

ताफा मात्र थांबला नाही. तोच वॉटसन आणि तोच क्लाइव्ह जानेवारी १७५७मध्ये कलकत्त्यात होते आणि जूनमध्ये प्लासी झाली. फ्रेंचांसाठी आलेल्या जहाजांनी आधी कोकणचं आरमार जाळलं आणि मग बंगाल मिळवून दिला. लंडनमध्ये बसून कोणी हा आराखडा आखला नव्हता. जहाजं इथे होती, माणसं इथे होती, आणि संधी एकामागून एक येत गेल्या. तेव्हाच्या एखाद्या पुणेरी मुत्सद्द्याने ‘इंग्रजांचा हेतू काय’ असं विचारलं असतं तर त्याला ‘व्यापाराचं रक्षण’ हेच उत्तर मिळालं असतं, आणि ते उत्तर खोटंही नसतं.

या चष्म्यातून हिंद महासागराकडे बघितलं की मोत्यांच्या माळेची भीती आणि व्यापाररक्षणाचा दिलासा, दोन्ही बाजूला पडतात. डिसेंबर २००८पासून चिनी युद्धनौका एडनच्या आखातात सोमाली चाच्यांविरुद्ध गस्त घालतात, सलग. २०१५मध्ये येमेनमधून त्यांनी आपली माणसं काढली, तशी आपणही काढली. २०१७मध्ये जिबूतीला पहिला परदेशी तळ झाला. प्रत्येक पायरीला पटण्यासारखं कारण आहे. फक्त २०१४मध्ये कोलंबोला चिनी पाणबुडी आली तेव्हा कारण जरा तोकडं पडलं. चाच्यांच्या होडक्यामागे पाणबुडी सोडायची पद्धत अजून तरी ऐकिवात नाही. आणि कोकणच्या दृष्टीने चिनी जहाजांपेक्षा जवळचा मामला कराचीचा आहे. पाकिस्तानने चीनकडून आठ पाणबुड्या घ्यायचा करार केला, चार चीनमध्ये आणि चार कराचीत बांधायच्या. अरबी समुद्रात चिनी तंत्रज्ञान यायला चिनी खलाशी यावाच लागतो असं नाही.

यावर मिळणारं एक उत्तर म्हणजे जहाजाला जहाज. त्यांची तीनशे सत्तरच्या वर, आपली दीडशेच्या आत, तेव्हा बांधा भराभर. ही शर्यत आपण जिंकू शकत नाही आणि जिंकायची गरजही नाही. चीनच्या तीन विमानवाहू नौका आहेत. तिसरी, ‘फूच्येन’, नोव्हेंबर २०२५मध्ये दाखल झाली. त्या इथे यायच्या तर घरापासून फार लांब, मोजक्या तळांच्या भरवशावर, अंदमानच्या तोंडावरून येणार. भूगोल आपल्या बाजूचा आहे. उलट बीजिंगमधला आराखडे करणारा अधिकारी अंदमानचा नकाशा बघून मलाक्काच्या कोंडीचं दुःख आणखी कुरवाळत असणार, हेही विसरू नये. मालदीवमध्ये ‘इंडिया आउट’च्या घोषणा झाल्या, तिथले आपले लष्करी कर्मचारी मे २०२४पर्यंत परत आले. छोट्या शेजाऱ्यांच्या नजरेत वाढतं आरमार आपलंही आहे.

चीनकडून शिकण्यासारखी गोष्ट युद्धनौकांच्या आधीची आहे. जगात बांधल्या जाणाऱ्या जहाजांपैकी निम्म्याहून जास्त टनभार आज चिनी गोद्यांतून बाहेर पडतो. भारताचा वाटा एक टक्काही नाही. शांघायच्या ज्या ज्यांगनान गोदीत ‘फूच्येन’ बांधली, तिथे परदेशी कंपन्यांची मालवाहू जहाजंही बांधली जातात. म्हणजे क्रेन, पोलाद, वेल्डर, अभियंता यांचा खर्च जगातले ग्राहक भरतात आणि त्याच हातांनी युद्धनौका तयार होते. चिनी आरमारामागचा एक हेतू हाच आहे की या गोद्या चालू राहिल्या पाहिजेत. आपल्या माझगाव डॉकने उत्तम नौका बांधल्या, यात वाद नाही. पण सहा स्कॉर्पिन पाणबुड्यांचा करार २००५चा, पहिली ‘कलवरी’ दाखल झाली २०१७मध्ये आणि सहावी ‘वागशीर’ जानेवारी २०२५मध्ये. एका मालिकेला वीस वर्षं.

विजयदुर्गापासून थोडं आत, वाघोटन खाडीच्या काठी गिर्ये गावाजवळ आंग्र्यांच्या काळातली गोदी आहे. किल्ला बघायला आलेले बहुतेक पर्यटक तिकडे फिरकत नाहीत. ओहोटीला गेलात तर कातळ कापून केलेली बाजू आणि दगडी बांध दिसतो, मध्ये सगळा गाळ, त्यात कुर्ल्यांची बिळं, आणि पाय ठेवला की घोट्यापर्यंत रुततो. भरतीला जहाज आत घ्यायचं, तळ खरवडायचा, फळ्या बदलायच्या, डांबर लावायचं आणि पुन्हा सोडायचं, हे सगळं इथे होत असे. किल्ल्याच्या तटाइतकीच ही जागा विजयदुर्गाची ताकद होती. आपण मात्र तटाचे फोटो काढतो. डिसेंबर २०२३मध्ये नौदल दिन मालवणात झाला, राजकोटावर महाराजांचा पुतळा उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ला कोसळला. चारच दिवसांनी, ३० ऑगस्टला, पालघरमध्ये पंतप्रधानांनी त्याबद्दल माफी मागितली. तो कार्यक्रम होता वाढवण बंदराच्या पायाभरणीचा. आरमाराचा अभिमान आणि बंदराचा व्यवहार एकाच मंचावर आले होते, आणि मंचासमोरच्या किनाऱ्यावरचा मच्छीमार विरोधात उभा होता.

वाढवणचा खर्च ७६,२२० कोटी. सप्टेंबर २०२५मध्ये केंद्राने जहाजबांधणीसाठी ६९,७२५ कोटींची योजना मंजूर केली. मी या दोन्ही गोष्टींच्या विरोधात नाही. खोल पाण्याचं बंदर आणि गोद्या यांच्याशिवाय वर लिहिलेलं सगळं हवेतच राहील. पण रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे मराठी राज्यनीतीवरच्या ग्रंथात, आरमाराच्या प्रकरणात एक गोष्ट आहे, ‘ज्याजवळ आरमार त्याचा समुद्र’ हे वाक्य भाषणात वापरणाऱ्यांनी ती पुढे वाचलेली दिसत नाही. तिथे म्हटलंय की जहाजांना लागणारं सागवान वगैरे परवानगीने तोडावं. आंबा-फणसाचं लाकूडही आरमाराच्या कामाचं, पण त्याला हात लावू देऊ नये, कारण ती झाडं रयतेने लेकरासारखी वाढवलेली असतात. कोणाचं झाड जीर्ण झालं असेल तर त्याला राजी करून, मोल देऊन घ्यावं. जबरदस्ती नको. युद्धाच्या ऐन गरजेतही राज्याने स्वतःवर घातलेली ही मर्यादा आहे. डहाणू-वाढवणच्या कोळ्याचं मासेमारीचं क्षेत्र म्हणजे त्याचा आंबा-फणसच. त्याचं मोल कोण ठरवतंय, आणि तो राजी आहे का?

हा करुणेचा मुद्दा वाटेल, मी तो संरक्षणाचा म्हणून मांडतोय. १९९३च्या मुंबई स्फोटांसाठी स्फोटकं उतरली ती रायगड जिल्ह्यातल्या शेखाडीच्या किनाऱ्यावर. २६/११चे हल्लेखोर आले ते पळवलेल्या ‘कुबेर’ या मासेमारी बोटीतून. त्यानंतर ओळखपत्रं आली, बोटींना रंग आले, सागरी पोलीस ठाणी आली, किनारा सुरक्षेचे ‘सागर कवच’ सराव सुरू झाले, आणि या सगळ्यात किनाऱ्यावरचा खारवी, गाबीत, कोळी, दालदी हा मुख्यतः तपासायचा माणूस झाला. चीनने आपल्या मच्छीमारांना अर्धे सैनिक करून टाकलं. ते आपल्याला नको, कारण मग त्यांच्यावर गोळी झाडायला समोरच्याला निमित्त मिळतं. पण दर्यावर दिवसरात्र असलेल्या हजारो डोळ्यांना संशयित म्हणून वागवणं हे त्याहून शहाणपणाचं नाही.

हे बदलायला विमानवाहू नौका लागत नाही. ‘सागर कवच’ची आखणी होते तिथे मच्छीमार सोसायटीचा माणूस बसवा, नुसता बंदरावर कार्ड दाखवायला उभा करू नका. डिझेलचा परतावा महिनोन्महिने रखडतो, तो वेळेवर द्या, कारण परताव्याअभावी किनाऱ्याला लागलेली बोट काहीच बघत नाही. मत्स्य विभागाची गस्त अजून बरीचशी भाड्याच्या बोटींवर चालते. त्या बोटी पाठलागात मागेच पडणार असतील, तर परराज्यातला ट्रॉलर काय आणि उद्या मलाक्कापलीकडून आलेला काय, दोघेही एकाच गोष्टीचा अंदाज घेत असतात: इथे विचारणारं कोणी आहे का.